पद्मालय फाट्यावरची पाटी

आमचं घर नवख्या माणसाला पहिल्या खेपेत कधीच सापडलं नाही. एरंडोल सोडलं की हायवेवरून पद्मालयाच्या गणपतीकडे एक रस्ता फुटतो. त्या रस्त्यानं थोडं आत गेलं की डाव्या हाताला गाडीवाट लागते, आणि गाडीवाटेच्या टोकाला, वावराच्या बांधाला पाठ लावून आमचं घर होतं. मातीच्या भिंती, वर पत्रे आणि पुढे लांबलचक ओसरी. त्या ओसरीनं आम्हाला काही वर्षं पोसलं. देवदर्शन करून परतणारी माणसं तिथे बसून जेवायची आणि त्यांच्या जेवणावर आम्ही जेवायचो. ही कल्पना माझ्या वडिलांची. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. आमचं वावर कोरडवाहू, मुरमाड. त्यात पिकायचं ते पावसाच्या मर्जीनं. एकदा मंदिरावरून येणारं एक कुटुंब बांधावर थांबून पाणी मागत होतं, मायनं पाण्याबरोबर भाकरी आणि ठेचा दिला, आणि ती माणसं जी खायला बसली ती उठेचनात. त्या रात्री नाना म्हणाले, "भूक्या मानूसले देव बी दूर वाटस. आपुन वाटवरच शेतस." म्हणजे भुकेल्याला देवही लांब वाटतो, आणि आपण तर वाटेवरच आहोत. आमच्या धंद्याचा सगळा अभ्यास एवढाच.

हिवाळ्यात भरीत. वांगी वावरातली, हिरवी, लांबट, आणि भाजायची ती कापसाच्या वाळक्या काड्यांवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी आजही भरीत म्हणत नाही, सून काय वाटेल ते म्हणो. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत घालायची आणि दांडक्यानं ठेचायची. तो ठेचण्याचा जाड, ओला आवाज सकाळी उठल्याबरोबर कानावर यायचा, त्याच्यामागून हायवेवर गिअर बदलणाऱ्या ट्रकांचा आवाज, आणि त्या दोन्हींच्या वर मायचं कुणावर तरी ओरडणं. बाकीच्या दिवसांत शेवभाजी, कळण्याची, म्हणजे उडीद-ज्वारीच्या पिठाची भाकरी, ठेचा. चतुर्थीला मंदिरावर गर्दी सगळ्यात जास्त आणि आमच्याकडे गिऱ्हाईक सगळ्यात कमी, कारण जो तो उपाशी. मग माय भगर आणि शेंगदाण्याची आमटी करायची आणि म्हणायची, "देव आपला शे, पन धंदाले बसाडस." देव आपलाच, पण धंद्याला बसवतो. मी तेव्हा जळगावला कॉलेजात होते. आमच्या घरातच नव्हे, आमच्या भावकीतही कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी अभिमानानं लिहिते आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. त्या पायरीखाली मायची बडगी होती, हे मात्र मी कधी विसरले नाही.

पण जेवण कितीही चांगलं असलं तरी फाट्यावरून जाणाऱ्या गाडीला ते कळणार कसं? म्हणून नानांनी पाटी करायची ठरवली. तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकून सरळ केले आणि एरंडोलच्या पेंटरकडे नेले. हा पेंटर टुरिंग टॉकीजचे बोर्ड रंगवून रंगवून तयार झालेला. त्यानं 'घरगुती भरीत-भाकर' अशी झोकदार अक्षरं काढली, आणि खाली बाण काढायचा सोडून एक हात काढला, रस्ता दाखवणारा. गोरापान हात, लांब बोटं, नखांना लाल रंग आणि मनगटात हिरव्या बांगड्या. पाटी फाट्यावरच्या निंबाला ठोकली त्या दिवसापासून नानांचं गावात चालणं मुश्कील झालं. "नाना, हाऊ हात कोना शे? वहिनीना का कोनी नटीना?" असं विचारत लोक पारावरून हसायचे. माय तर पहिले काही दिवस त्या वाटेनं गेलीच नाही. "मना हात कोळसानी काया व्हयना," ती म्हणाली, "अन् पाटीवर हाई गोरी बसाडी दिन्ही." आपले हात कोळशानं काळे झाले आणि पाटीवर ही गोरी बसवली, ही तिची तक्रार. खरंच होतं तिचं.

आणि त्या पाटीचे हालही फार. निंबावरून काढून पुढे एका खांबाला लावली, तर म्हशी त्या खांबाला अंग घासायच्या, आणि खांब फिरायचा. कधी हात हायवेकडेच परत बोट दाखवायचा, कधी तुरीच्या वावरात. एकदा चाळीसगावचं एक मोठं कुटुंब जीपनं आलं, आणि हाताच्या बोटाप्रमाणे गेलं ते थेट स्मशानात. जीप परत फिरवून विचारत विचारत ते आमच्या ओसरीवर पोचले. त्यांच्यातला म्हातारा उतरता उतरताच म्हणाला, "काय हो, जेवायला बोलावता का पोचवायला?" नाना शरमेनं अर्धे झाले. मायनं मात्र तोंडाला पदर लावला आणि आत पळाली, आणि कितीतरी वेळ तिचं हसू थांबेना. त्या म्हाताऱ्याला तिनं त्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी वाढली.

आता तो हायवे चौपदरी झाला आहे. मी मुलाच्या गाडीतून जाते तेव्हा फाटा कधी आला नि गेला ते कळत नाही. वर मोठमोठ्या हिरव्या पाट्या आहेत, पण वाचतं कोण? फोनमधली बाई सांगते तिकडे गाडी वळते. मुलगा म्हणतो, आई, आजोबांच्या वेळी हे असतं तर बस एक लोकेशन टाकायचं. मी हो म्हणते. वाद घालायला आता अंगात जोर नाही, आणि त्याचं चूकही नाही.

तर त्या काळी आमच्या पाटीच्या पुढेच, हायवेला लागून, एक ढाबा उघडला. त्याची पाटी आमच्या ओसरीएवढी, रात्री दिवे लागणारी. ढाब्याचं बघून आणखी दोघाचौघांनी पाट्या लावल्या: रसवंती, लॉज, फोटो स्टुडिओ, मंदिराकडे जाणाऱ्या टांग्याची सुद्धा. निंबाचं झाड दिसेनासं झालं. मग एक दिवस सरकारी माणसं आली आणि रस्त्याच्या हद्दीतल्या सगळ्या पाट्या काढून नेल्या. पुढे निरोप आला की फाट्यावर आता सरकारची एकच पाटी लागेल. तिच्यावर मंदिराचं नाव, त्याच्या जवळच्या भीमकुंडाचं नाव, आणि खाली प्रवाशांसाठी भोजनाच्या एकाच ठिकाणाचं नाव, बाणासकट. ठिकाण कुठलं ते साहेब स्वतः येऊन, जेवून ठरवणार. म्हणजे एक तर ढाबा, नाहीतर आम्ही. पाटीशिवाय आमच्या गाडीवाटेला कोण वळणार होतं? पाटी लागली तर ओसरी चालणार होती. नाही लागली तर मायला पुन्हा दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जावं लागणार होतं, आणि माझ्या कॉलेजचं काय, हे कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

साहेब कधी येणार ते विचारायला नाना धुतलेली टोपी घालून जळगावला कचेरीत गेले. साहेब बाहेरच्या मुलखातले, नुकते बदलून आलेले. माणूस सरळ होता. त्यांनी सांगितलं, नागपंचमी झाली की जो सोमवार येईल त्या सोमवारी येतो. नानांनी मान हलवली आणि घरी आले. आता खानदेशातल्या माणसाला हे सांगायला नको की नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन असतं. सुरतेला कामाला गेलेली पोरंसुद्धा त्या दिवसाला गावाकडे येतात. नानांच्या मनात एकच आलं, की कानबाईच्या सोमवारी कोण कुणाच्या घरी कामाला जातो? म्हणजे साहेब त्याच्या पुढचा सोमवार म्हणत असणार. साहेबांना कानबाई माहीतच नसेल, हे नानांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. माझे धाकटे काका, भिकाकाका, त्यांनीही तेच म्हटलं, "पुढला सोमवारच शे. कानबाईना दिन सरकार बी बंद ऱ्हास." त्या दिवशी सरकारही बंद असतं, हे काकांनी कुठून आणलं देव जाणे. मायनं त्या पुढच्या सोमवारसाठी ओसरी सारवायचं, उडीद-ज्वारी दळून आणायचं, शेव ताजी पाडायची, असं सगळं मनाशी ठरवूनही टाकलं.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, मंगळसूत्र, नवी साडी, चौरंगाभोवती कण्हेरीची फुलं. रात्रभर बायांनी गाणी म्हटली, फुगड्या घातल्या. सकाळी वाजतगाजत नदीवर जाऊन आलो आणि दुपारी सगळी भावकी आमच्या ओसरीवर रोट खायला बसली. आमच्याकडची रीत अशी की घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, ते घरीच दळायचे, त्याचे जाड रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला एक तुकडा नाही. खरकटं पाणीसुद्धा वाटेवर टाकायचं नाही. आणि रोट सरेपर्यंत त्या चुलीवर दुसरं काही चढत नाही. रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. जागरणानं सगळ्यांचे गळे बसलेले, डोळे लाल, आणि पंगतीत भूक अशी की बोलायलाही कोणी तयार नाही.

अशात गाडीवाटेनं धूळ उडवत जीप आली. साहेब उतरले आणि ओसरीकडे पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"वा नाना! मला वाटलं होतं आडवाटेला कोण येत असेल. इथं तर बसायला जागा नाही. एवढी गिऱ्हाइकं?"

पंगतीतले हात तोंडाशी थांबले. नाना उष्ट्या हातानंच उठले, हात पाठीमागे लपवत पुढे झाले.

"या साहेब, या. पण ही गिऱ्हाइकं नाहीत. भाऊबंद शेतस... आहेत. आज कानबाईचे रोट."

"मग तर उत्तमच! प्रसाद. भूक लागलीय सपाटून. बसवा आम्हालाही." आणि साहेब बूट काढायला लागले.

 आयुष्यात पहिल्यांदा नानांच्या ओसरीवर कुणी जेवायला बसतो म्हणत होतं आणि ते त्याला थांबवत होते. "साहेब," ते म्हणाले, "हे रोट भाऊबंदांच्या बाहेर देत नाहीत. आमच्यात रीत नाही."

साहेबांचा एक बूट हातात, एक पायात.  तेव्हा भिकाकाकांनी खालूनच तोंड उघडलं, "नाना, सायेबले भाऊबंद करी ल्या! पन मंग सातबारावर बी नाव लावनं पडी." भाऊबंद करून घ्या, पण मग जमिनीवरही नाव लावावं लागेल. सगळी पंगत हसली. साहेबही हसले, पण बूट त्यांनी परत पायात घातला.

मी आत मायकडे धावले. ती चुलीपाशी, रोटांच्या टोपल्याला पाठ लावून उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं.

"माय, एक रोट दे. एकच. काय होणार आहे?"

"काय व्हई ते माले मालूम नही. आजलोंग कोनी करी देखं नही." काय होईल ते मला ठाऊक नाही, आजवर कुणी करून पाहिलेलं नाही. ती हे अगदी शांतपणे बोलली.

"मग तवा ठेव. भाकरी टाक दोन."

"रोट सरेपावत तवा चढत नही. तुले म्हाईत नही का? हाईच शिकाडतस का कॉलेजमा?"

"माय, पाटी जाईल आपली!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं की कशाचं कोण जाणे. मग तिनं तांब्याभर दूध आणि केळ्यांची फणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हाई दे. अन् हात जोड."

मी हात जोडले. साहेब म्हणाले, "बाळ, मला शुगर आहे. केळं चालत नाही, आणि जेवणाची वेळ चुकवता येत नाही." दुधाचे दोन घोट मात्र त्यांनी घेतले, आमचं मन राखायला. मी माझ्या कॉलेजच्या मराठीत त्यांना सांगून पाहिलं की आजचाच एक दिवस असा असतो, तुम्ही पुढच्या सोमवारी या, असं जेवण तुम्हाला हायवेवर मिळणार नाही. ते म्हणाले, पुढच्या सोमवारी मी नंदुरबारला. मग नानांकडे वळून म्हणाले, "नाना, मी काय लिहू सांगा. भोजनाच्या ठिकाणी गेलो आणि भोजन मिळालं नाही, असंच लिहावं लागेल. प्रवाशाच्या बाजूनं बघा तुम्ही."

"बरोबर आहे साहेब," नाना म्हणाले. "झालं तेच लिहा."

जीप वळली. धूळ ओसरीपर्यंत आली तशी बायांनी ताटांवर पदर धरले. नाना पंगतीत आपल्या जागेवर जाऊन बसले आणि पानातला अर्धा रोट त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला, कारण तो टाकता येत नाही.  हायवेच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला आणि भिकाकाका म्हणाले, "ढाबावर पोहचना सायेब." पोचले साहेब ढाब्यावर. कुणी हसलं नाही.

त्या दिवशी मी नानांना फार बोलले. देवीला काय फरक पडला असता, तिनं काय येऊन टोपलं मोजलं असतं, तुम्ही लोक असेच राहणार, असं पुष्कळ. ते ऐकत राहिले. मी नंतर धुळ्याला नोकरी केली, पोरांना शिकवता शिकवता केस पिकवले, आणि रीतीभाती या विषयावर लोकांपुढे बोलायलाही उभी राहिले. पण त्या दुपारी कोण बरोबर होतं हे मला अजून नक्की सांगता येत नाही. सांगता यावं अशी धडपडही आता करत नाही. गंमत अशी की माझं लग्न झालं आणि त्या टोपल्यावरचा माझाही हक्क गेला. लेक लग्नानंतर दुसऱ्या घरची. कानबाईच्या सोमवारी माहेरी गेले तर माय मलाही दूध आणि केळीच पुढे करायची, आणि मी तिच्यासमोर बसून ती खायचे. पहिल्या वेळी केळं अर्धंच खाल्लं. मग सवय झाली. माणसाला सगळ्याचीच होते.

पाटी श्रावण संपायच्या आत लागली. दोन लोखंडी खांब सिमेंटमध्ये रोवलेले, म्हशीनं कितीही घासलं तरी न हलणारे. वर मंदिर, त्याखाली भीमकुंड, आणि सगळ्यात खाली ताट-वाटीचं चित्र आणि ढाब्याचं नाव. अक्षरं सुरेख होती, उगाच नावं का ठेवा. पुढचं इथेच सांगून टाकते: ओसरी आम्ही काही काळ ओढली. जुनी ओळखीची माणसं यायची, तीही हळूहळू कमी झाली. मग बडगी माळ्यावर गेली आणि माय कापूस वेचायला. माझं कॉलेज सुटलं नाही, ते तिच्या बोटांवर पुरं झालं. कापसाच्या बोंडांनी ती बोटं कशी फाटतात ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही.

पण मला सांगायचंय ते पाटी लागल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारचं. मी जळगावहून एस.टी.नं आले आणि फाट्यावर उतरले. नाना मला घ्यायला आले होते, आणि उन्हासाठी म्हणून त्या नव्या पाटीच्याच सावलीत उभे होते. मी रस्ता ओलांडते आहे तोच एक मोटार त्यांच्यापाशी थांबली. बायका-मुलांची, मुंबईकडची वाटली. काच खाली करून एक बाई म्हणाली, "काका, इथे कुठे घरगुती जेवण मिळेल का हो? चुलीवरचं?"

मी जागीच थांबले. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ होतं. माय घरी होती, चूल पेटलेली असणार. नानांनी एकवार गाडीवाटेकडे पाहिलं, हे मी पाहिलं. मग त्यांनी हात वर करून हायवेकडे दाखवला.

"हे काय, पुढे लागलंच. पाटीवर नाव लिहिलंय बघा."

बाईनं वर पाहिलं, हसून मान डोलावली आणि मोटार निघून गेली.

"नाना!" मला रडू येत होतं आणि रागही. "तिनं पाटीचं विचारलंच नव्हतं. घरचं जेवण विचारलं होतं. आपलं का नाही सांगितलं?"

नानांनी एकदा वर पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाटीना खाले उभा राहीसन आपलं नाव कसं सांगू, बेटा? पाटी एक सांगस, मानूस दुसरं सांगस. मंग वाटसरूनी भरोसा कोनावर ठेवाना?"

पाटीखाली उभं राहून तिच्या उलट सांगितलं तर वाटसरूनं विश्वास कुणावर ठेवायचा.  पुढे आयुष्यभर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ बोलले, पण यावर नाही.

त्यांनी माझी पिशवी घेतली, खांद्यावर टाकली आणि गाडीवाटेला लागले.

"चाल," ते न वळता म्हणाले. "मायनी भाकर टाकी ठेयेल व्हई. ओसरीवर आज कोनीच नही. ऐसपैस बसूत."